कोळशापुरता मुक्काम

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून ‘पेनिन्सुलर’ आगबोटीने अमेरिकेच्या वाटेला लागले. कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग असे करत जपानच्या भूमीवर त्यांचा पहिला पाय पडला तो नागासाकीला. तिथे ते काही तासच होते. गाडीत बसून शहरातून एक फेरी मारली, तिथली स्वच्छता डोळ्यांत भरली, आणि बोट पुढे कोबेकडे निघाली. १० जुलैला योकोहामाहून त्यांनी मद्रासच्या मित्रांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जपानबद्दल त्यात पुष्कळ उत्साह आहे, पण नागासाकीच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत.

या बंदराला अशा ओझरत्या भेटींची सवय होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाँगकाँग किंवा शांघायहून जपानकडे येणाऱ्या कितीतरी बोटी आधी नागासाकीला नांगर टाकत. प्रवाशांना वाटे, बोट आपल्याला जपान दाखवायला थांबली आहे. ती थांबलेली असे टपालासाठी, मालासाठी आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या भट्टीसाठी. किती वेळ थांबायचे हे कधी वाऱ्याने ठरवले, कधी सरकारी हुकमाने, तर कधी कोळशाच्या टोपल्या किती चपळाईने हलतात त्यावरून ठरले. नागासाकीचा इतिहास या मुक्कामाच्या लांबीवरून वाचावा. राजवटींच्या सनावळीत तो इतका जिवंत सापडत नाही.

क्युशू बेटाच्या पश्चिमेला समुद्र डोंगरांच्या दोन रांगांमधून चिंचोळा होत आत शिरतो. पाणी खोल आणि वादळाला दोन्ही बाजूंनी आडोसा. १५७१ मध्ये तिथला सरदार ओमुरा सुमितादा याने ही जागा पोर्तुगीजांना खुली केली आणि छोट्याशा वस्तीचे बंदर झाले. पोर्तुगीजांचे मोठे व्यापारी जहाज उन्हाळा संपता संपता गोव्याहून सुटे, मलाक्का करून मकावला पोहोचे आणि तिथे चिनी रेशीम भरण्यात व पुढच्या अनुकूल वाऱ्याची वाट पाहण्यात बहुतेक वर्ष जाई. मग नैऋत्य वाऱ्यावर नागासाकी. तिथेही परतीचा ईशान्य वारा सुटेपर्यंत काही महिने तळ ठोकावा लागे. खलाशी उतरत, भाड्याने घरे घेत, पैसे उधळत आणि भांडत. मुक्काम एवढा लांबला की तो मुक्काम राहत नाही, त्याचे बिऱ्हाड होते.

या व्यापारातून चौलचे पट्ट्यापट्ट्यांचे रेशमी कापडही जपानला पोहोचले. रेवदंड्याशेजारचे हे बंदर जपानी कापडबाजारात ‘चाउ’ या नावाने रुळले, आणि तिथल्या ‘हाकामा’ या घेरदार वस्त्रासाठी या कापडाला मागणी राहिली. पुढे जपानी विणकरांनी तसलेच कापड स्वतः विणायला घेतले, तरी नाव चौलचेच चालू ठेवले. अलिबागकडच्या फार थोड्या लोकांना आपल्या शेजारगावाची ही परदेशवारी ठाऊक असेल.

माणसेही उलट दिशेने आली. १५८२ मध्ये चार जपानी किशोर जेझुइट धर्मगुरूंबरोबर नागासाकीहून रोमला निघाले. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ते गोव्यात राहिले. परतीच्या वाटेवर, १५८७ मध्ये, त्यांच्यापैकी हारा मार्तिन्हो याने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले आणि ते तिथे छापलेही गेले. १५८८ मध्ये गोवा सोडून मंडळी मकावला पोहोचली ती तिथेच अडकली. नागासाकी दिसायला १५९० चा जुलै उजाडला. निघताना पोरसवदा असलेले हे चौघे परतले तेव्हा जाणते पुरुष झाले होते.

मग दार बंद झाले. ख्रिस्ती धर्माच्या धास्तीने शोगुनशाहीने, म्हणजे जपानच्या लष्करी राजवटीने, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलले. पुढच्याच वर्षी मकावहून विनवणी करायला वकिलात आली. तिच्यातल्या ६१ जणांना ठार मारण्यात आले आणि घडले ते सांगायला १३ जणांना परत पाठवले गेले. मारल्या गेलेल्यांचा नागासाकीतला तो मुक्काम महिन्याभराचाही नव्हता.

युरोपियनांपैकी उरले फक्त डच. १६४१ पासून त्यांना देजिमा या पंख्याच्या आकाराच्या, भराव घालून केलेल्या बेटावर ठेवले गेले. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी ७५. शहराशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. वर्षाला एखाददुसरे जहाज जावाहून उन्हाळ्यात येई आणि शरद ऋतूत ठरल्या मुदतीत त्याला निघावेच लागे. जहाज आले की बंदुका आणि दारूगोळा ताब्यात घेतला जाई, बायबलसारख्या वस्तू पेटीत घालून मोहोरबंद होत, आणि जगात काय चालले आहे याचा लेखी अहवाल शोगुनसाठी द्यावा लागे. म्हणजे बंदरात येणाऱ्याने जकातीबरोबर बातमीही भरायची. बंद दारामागे बसलेल्या सरकारची ही खिडकी होती आणि ती त्याने दोन शतके नेमाने उघडली.

या काटेकोर व्यवस्थेची अब्रू ऑक्टोबर १८०८ मध्ये एका जहाजाने दोन-तीन दिवसांत घालवली. डच निशाण लावून एक जहाज खाडीच्या तोंडाशी आले. रिवाजाप्रमाणे देजिमावरचे दोन डच कर्मचारी होडीतून स्वागताला गेले आणि तत्काळ कैद झाले. जहाज ‘फेटन’ नावाची ब्रिटिश युद्धनौका होती. युरोपात नेपोलियनची युद्धे चालू होती आणि कप्तान फ्लीटवुड पेल्यू डच जहाजांच्या शिकारीवर निघाला होता. त्याचे वय होते १८! बंदरात त्या वर्षी डच जहाज आलेच नव्हते. मग त्याने पाणी, लाकूडफाटा आणि खाद्य मागितले. न दिल्यास बंदरातल्या जपानी आणि चिनी नौका जाळण्याची धमकी दिली.

नागासाकीचा शोगुनी अधिकारी मात्सुदाइरा यासुहिदे याने हल्ल्याची तयारी करायला सांगितले. संरक्षणाची पाळी त्या वर्षी सागाच्या सरदाराकडे होती. नियमाप्रमाणे हजाराच्या घरात शिपाई हवे होते. ठाण्यांवर सापडले जेमतेम शंभराच्या आसपास. खर्च वाचवायला बाकीच्यांना गुपचूप घरी पाठवले होते. (कागदावरची माणसे आणि प्रत्यक्षातली माणसे यांचा हिशेब कुठल्याच देशात सहसा जुळत नाही.) शेवटी पाणी, गुरे आणि भाजीपाला पोहोचवला गेला, कैदी सुटले आणि तिसऱ्या दिवशी ‘फेटन’ निघून गेली. त्यानंतर मात्सुदाइराने पोट फाडून घेऊन प्राण दिला. सागाच्या सरदारालाही नजरकैद झाली. पेल्यूच्या दृष्टीने तो पाणी भरण्यासाठी घेतलेला एक थांबा होता.

या प्रकरणानंतर जहाजांना पाणी द्यावे की गोळे, हा जपानी राज्यकारभारातला खरोखरीचा प्रश्न होऊन बसला. १८२५ मध्ये हुकूम सुटला, परदेशी जहाज दिसले की मागेपुढे न पाहता तोफा डागा. १८३७ मध्ये ‘मॉरिसन’ नावाचे अमेरिकी जहाज वादळात भरकटलेल्या सात जपान्यांना घरी पोहोचवायला आले, तर त्याच्यावरही गोळे पडले आणि ते बिचारे घर दिसत असताना परत गेले. पुढे अफूच्या युद्धात चीनची काय गत झाली हे कळल्यावर सरकार नरमले. १८४२ मध्ये नवा हुकूम निघाला तो असा, की अडलेल्या जहाजाला लाकूडफाटा, पाणी आणि अन्न द्यावे आणि वाटेला लावावे.

पण तोवर जहाजांची भूक बदलली होती. १८५३ मध्ये कमोडोर पेरी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे पत्र घेऊन आला. त्यात मैत्री आणि व्यापाराबरोबर एक रोखठोक मागणी होती. कॅलिफोर्नियाहून चीनला जाणाऱ्या आमच्या आगबोटींना इतका पल्ला एका दमात झेपत नाही. तुमच्याकडे कोळसा विपुल आहे असे ऐकतो, तो आम्ही पैसे मोजून घेऊ. १८५४ च्या करारात शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे उघडली ती लाकूड, पाणी, खाद्य आणि कोळसा यांच्यासाठी. रीतसर व्यापाराचा करार त्यानंतर चार वर्षांनी, १८५८ मध्ये झाला. म्हणजे जपानचे कुलूप प्रथम थांब्यासाठी निघाले आणि दुकान मागाहून मांडले गेले. शाळेच्या पुस्तकात हा क्रम सहसा दिसत नाही.

नागासाकी १ जुलै १८५९ ला खुले झाले. त्याच वर्षी थॉमस ग्लोव्हर हा २१ वर्षांचा स्कॉटिश तरुण तिथे उतरला. त्याने चहा, जहाजे, बंदुका असे जे खपेल ते विकले आणि शोगुनविरुद्ध उठलेल्या सरदारांनाही हत्यारे पुरवली. त्याच्या धंद्यातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट कोळशाची होती. बंदराच्या तोंडाबाहेर, पंधराएक किलोमीटरच्या आत, ताकाशिमा नावाचे बेट आहे. तिथे कोळसा असल्याचे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. ग्लोव्हरने सागाच्या नाबेशिमा घराण्याशी भागीदारी करून तिथे वाफेच्या यंत्राने चालणारी ४० मीटरहून खोल खाण पाडली. १८६९ मध्ये ती कोळसा देऊ लागली. दुसऱ्याच वर्षी ग्लोव्हरचे दिवाळे निघाले! खाण काही हातांमधून फिरत १८८१ मध्ये मित्सुबिशीकडे गेली आणि १८९० मध्ये कंपनीने शेजारचे हाशिमा बेटही घेतले. चांगला कोळसा, तोही खोल पाण्याच्या बंदरापासून इतका जवळ, असे ठिकाण पूर्वेकडे दुर्मीळ होते. म्हणून पॅसिफिक ओलांडणाऱ्या टपालबोटी, रशियन आणि ब्रिटिश युद्धनौका, १८९८ नंतर मनिलाला सैन्य नेणाऱ्या अमेरिकी बोटी असे सगळेच नागासाकीत कोळसा भरत.

हे कोळसा भरणे हा तिथला सर्वांत मोठा देखावा होता. बोट नांगरली की कोळशाने भरलेले पडाव दोन्ही अंगांना येऊन चिकटत. बोटीच्या कडेला दोरांनी फळ्या आणि शिड्या टांगून पायऱ्यापायऱ्यांचा मांडव उभा केला जाई. प्रत्येक पायरीवर माणसे उभी राहत, त्यांत बाया आणि मुली मोठ्या संख्येने. डोक्याला फडके बांधलेले, काहींच्या पाठीशी तान्हे मूल. पडावातून छोट्या टोपलीत कोळसा भरला जाई, ती टोपली हातोहात वर चढे, वरच्या तोंडातून कोळसा पोटात रिता होई आणि रिकामी टोपली खाली येई. टोपली मुद्दाम लहान असे. ती जड असती तर मध्येच हात अडखळला असता आणि साखळी तुटली असती. अशा अनेक साखळ्या एकाच वेळी चालत. हजार टनांहून अधिक कोळसा काही तासांत चढे. त्या काळी जगभर फिरलेले कप्तान नागासाकीसारखा वेग दुसरीकडे नाही असे सांगत, आणि इतर बंदरांतली यंत्रेही या हातांपुढे मागे पडत. बोट बंदरात जितके तास पडून राही तितके कंपनीचे पैसे बुडत, म्हणून या वेगाला किंमत होती. किंमत बोट कंपनीला होती. टोपली सरकवणाऱ्या बाईच्या हाती दिवसाअखेर पडे ती तुटपुंजी मजुरी.

कोळशाची धूळ सगळीकडे घुसे. केबिनच्या गोल खिडक्या गच्च बंद कराव्या लागत, आत उकाडा असह्य होई, डेकवर पांढरे कपडे काळे पडत. साहजिकच प्रवासी किनाऱ्यावर पळत. नागासाकीतले पर्यटन जन्माला आले ते असे, धुळीच्या भीतीने! धक्क्यावर रिक्षावाले तयारच असत. माणसाने ओढायची ही दुचाकी गाडी जपानमध्ये १८७० च्या सुमारास निघाली होती. चार-पाच तासांत काय काय उरकायचे हे त्यांना तोंडपाठ असे. सुवा देवळाच्या पायऱ्या, कासवाच्या पाठीच्या कवचापासून केलेल्या फण्या आणि डब्यांची दुकाने, चिनी मातीची भांडी, चहाघर. १८६२ पासून तिथे उएनो हिकोमा याचा फोटो स्टुडिओ होता. बोट सुटायच्या आत तिथली छायाचित्रे प्रवाशाच्या ट्रंकेत जात.

या गिऱ्हाइकांसाठी अख्खी एक वस्ती उभी राहिली होती. ‘नागासाकी शिपिंग लिस्ट अँड ॲडव्हर्टायझर’ हे जपानमधले पहिले इंग्रजी वृत्तपत्र २२ जून १८६१ ला इथे निघाले. नावच सांगते की वाचकाला हवे होते ते बोटींचे येणे-जाणे. त्याच्या पहिल्या अंकात चेंडू लोटून खुंट पाडण्याच्या खेळाच्या नव्या दालनाची जाहिरात होती. त्या जाहिरातीच्या आधारावर जपानमध्ये आजही २२ जून हा बोलिंगचा दिवस मानतात. १८७१ मध्ये समुद्राखालून शांघाय आणि व्लादिवोस्तोकशी तार जोडली गेली. तेव्हापासून बंदरात उतरणाऱ्याला मागे घरी काय झाले हेही इथेच कळू लागले.

खाडीपलीकडचे इनासा हे गाव रशियन आरमाराचे दुसरे घर होते. व्लादिवोस्तोक थंडीत गोठे, तेव्हा त्यांच्या नौका इथे हिवाळा काढत. अधिकारी स्थानिक स्त्रियांशी ठरावीक मुदतीचे करार करून संसार थाटत. करार महिन्यांचा, पगार ठरलेला आणि नौका निघाली की संसार संपला. १८८५ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी आणि लेखक पिएर लोती याने नागासाकीत काही आठवड्यांसाठी असाच एक संसार केला आणि १८८७ मध्ये त्यावर ‘मादाम क्रिझांतेम’ हे पुस्तक लिहिले. पुच्चिनीचा १९०४ चा ऑपेरा ‘मादामा बटरफ्लाय’ याच परंपरेतला, नागासाकीतच घडणारा. ऑपेरात नायिका बोटीची वाट पाहत राहते. लोतीच्या पुस्तकातली मुलगी मात्र निरोपाच्या दिवशी मिळालेली नाणी खरी आहेत ना, हे ठोकून पाहताना दिसते. दोघींपैकी कोणती नागासाकीला जास्त जवळची असावी याचा अंदाज कठीण नाही.

रशियाचा युवराज निकोलस १८९० च्या डिसेंबरात मुंबईला उतरला होता. तोच पुढे प्रवास करत एप्रिल १८९१ मध्ये नागासाकीला पोहोचला आणि उजव्या हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. जपानी सरकारने १८७२ पासून गोंदण्यावर बंदी घातली होती, कारण परदेशी लोक आपल्याला रानटी म्हणतील अशी भीती होती. गंमत अशी की ती सुई टोचून घ्यायला परदेशीच रांग लावत. नागासाकीचे दिवस मजेत गेले. पुढे ओत्सु गावात एका पोलिसानेच युवराजावर तलवारीने वार केला, आणि गोंदणाबरोबर कपाळावरचा व्रणही त्याच्याबरोबर रशियाला गेला.

कोळशाच्या बोटी आणखीही काही नेत. आमाकुसा आणि शिमाबारा हे नागासाकीच्या शेजारचे कमालीचे गरीब मुलूख. तिथल्या मुलींना दलाल नोकरीच्या थापा देत, कोळशाच्या बोटींच्या पोटात लपवून हाँगकाँग-सिंगापूरला पाठवत आणि कुंटणखान्यांत विकत. या मुलींना ‘कारायुकी-सान’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी काही मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. वरळीला आजही एक जपानी दफनभूमी आहे. ताकाशिमाच्या खाणीतली माणसेही बेटाबाहेर सहजासहजी पडू शकत नव्हती. मुकादमांच्या ताब्यातल्या त्या मजुरांचे हाल १८८८ मध्ये ‘निहोन्जिन’ नियतकालिकाने छापले तेव्हा देशभर खळबळ माजली. किनाऱ्यावर फण्या विकत घेणाऱ्या प्रवाशाला यातले काही दिसण्याचा संभव नव्हता.

विवेकानंद गेले त्याच वर्षी जमशेटजी टाटाही जपानमध्ये होते. योकोहामाहून दोघे एकाच बोटीने पुढे गेले. पण टाटांच्या डोक्यात कापूस होता. मुंबईहून ओसाकाच्या गिरण्यांना जाणाऱ्या कापसाची वाहतूक पी अँड ओ ही ब्रिटिश बोटकंपनी आणि तिच्या साथीदार कंपन्यांच्या मुठीत होती. टाटांनी जपानी उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्याशी बोलणी केली आणि निप्पॉन युसेन कंपनीच्या जोडीने नवी वाहतूक सुरू केली. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. नव्या जोडीने टनाला १२ रुपये दर लावला, तर जुन्यांनी तो दीड रुपयापर्यंत पाडला. टाटांची लाइन या मारामारीत टिकली नाही, जपानी कंपनीची टिकली. नागासाकीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब वेगळी आहे. हा माल कोबेला उतरत होता, कारण गिरण्या तिथे जवळ होत्या. व्यापार पूर्वेकडे सरकला आणि नागासाकीकडे उरला तो मुख्यतः कोळसा आणि जहाजदुरुस्ती.

कोळशालाही वाटेकरी निघाला. क्युशूच्याच उत्तरेकडील चिकुहोच्या खाणींतला कोळसा आगगाडीने थेट मोजी बंदरात येऊ लागला, आणि मोजी तर कोबेच्या वाटेवरच. १९०४ च्या रशिया-जपान युद्धाबरोबर रशियन पाहुणे गेले. मग बोटी तेलावर चालू लागल्या, तशी टोपल्यांची साखळी कायमची थांबली. १९२३ मध्ये शांघायची जलद बोटसेवा सुरू झाली. एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात पलीकडे पोहोचवणाऱ्या ‘नागासाकी मारू’ आणि ‘शांघाय मारू’ या दोन बोटींनी बंदर पुन्हा काही वर्षे गजबजले. दोन्ही बोटी महायुद्धात बुडाल्या. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला. ग्लोव्हरचे १८६३ चे घर डोंगराआड, दक्षिणेच्या टेकडीवर होते, ते वाचले. मित्सुबिशीच्या गोदीतली १९०९ ची अजस्र क्रेनही उभी राहिली आणि अजून ती चालते.

आता मात्सुगाए धक्क्याला प्रचंड पर्यटनबोटी लागतात. सकाळी येतात आणि बहुधा संध्याकाळी निघून जातात. प्रवाशांना बसमध्ये घालून शांतिउद्यान, ग्लोव्हरचे घर आणि खरेदी उरकायची असते. दुकानदारांची तक्रार असते की माणसे खूप उतरतात, पण रात्री कुणी राहत नाही. १८९३ सालच्या खानावळवाल्यानेही बहुधा हेच म्हटले असते.

एका बोटीने मात्र हा हिशेब पार बिघडवला. जानेवारी २०२० मध्ये ‘कोस्ता अतलांतिका’ ही इटालियन बोट दुरुस्तीसाठी मित्सुबिशीच्या कोयागी गोदीत आली. काम खरे तर चीनमध्ये व्हायचे होते, पण करोनामुळे ते नागासाकीला हलवले गेले. बोटीवर एकही प्रवासी नव्हता. कर्मचारी होते ६२३. एप्रिलमध्ये त्यांच्यात साथ पसरल्याचे उघड झाले आणि दीडशेच्या आसपास लोक बाधित निघाले. काहींना शहरातल्या इस्पितळांत हलवले, बाकीचे आपापल्या केबिनमध्ये कोंडले गेले, आणि त्यांना टप्प्याटप्प्याने मायदेशी कसे पाठवायचे यावर प्रांतिक सरकार, कंपनी आणि निरनिराळ्या देशांच्या वकिलाती यांच्यात आठवडेच्या आठवडे खल चालला. चार महिने थांबून ३१ मे रोजी उरलेल्या माणसांसह बोट मनिलाच्या दिशेने निघाली.